शेवटची कवा चालवली होती?

मिस्त्रीने मशीनला हातच लावला नाही. बाकड्यावर ठेवलेल्या चेनसॉकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "शेवटची कवा चालवली होती जी?"

मी वेगळंच सांगायच्या तयारीत होतो. रात्रीच्या वादळात आमच्या गल्लीत गुलमोहर आडवा झाला होता, सकाळपासून तिघांनी आळीपाळीने दोरी ओढली होती, माझा उजवा खांदा कामातून गेला होता, आणि मशीन एकदाही धड खोकलीसुद्धा नव्हती. यातलं त्याला काही नको होतं. त्याला तारीख हवी होती.

"मागच्या वर्षी. जून असेल."

"आन् ठेवली कशी?"

"कशी म्हणजे? ठेवली. गच्चीवरच्या खोलीत."

"पेट्रोल टाकीत तसंच?"

मी काही बोललो नाही. त्याने मान हलवली आणि तेव्हा कुठे पाना उचलला.

हुडकेश्वर रस्त्यावर म्हाळगीनगर चौक मागे टाकला की दोन्ही अंगांना लेआऊट सुरू होतात. नागपूरकराला लेआऊट समजावून सांगावा लागत नाही. शेताचे प्लॉट पडले, हद्दीचे दगड रोवले, एखादा कडुनिंब कुणाच्या तरी प्लॉटच्या कोपऱ्यात सापडला, की झाला लेआऊट. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, पण पिपळ्याच्या बाजूला गेलात तर दोन घरांच्या मधे अजूनही तुरीचं वावर लागतं. मिस्त्रीचं टिनाचं शेड असल्याच एका न बांधलेल्या प्लॉटवर उभं आहे. बोर्ड पेंटरने हाताने रंगवलेला, अर्धा उडालेला: लूना, एम-८०, राजदूत, चेतक. या चारांतली एकही गाडी आता शेडमध्ये दुरुस्तीला येत नाही. एक लूना कोपऱ्यात उभी असते, ती त्याची स्वतःची.

येतं ते वेगळंच. पाठीवर बांधायचे फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशीनी आणि चेनसॉ. उमरेडकडून येतात, कुहीकडून येतात, लाकडाच्या टालीवरून येतात, फांद्या छाटायचं कंत्राट घेणाऱ्यांकडून येतात. बोर्ड बदलला नाही, कारण आतलं इंजिन बदललेलं नाही. १९७२ साली लूना आली तेव्हा तिच्यात ५० सीसीचं टू-स्ट्रोक होतं, आणि माझ्या चेनसॉत आहे तेही टू-स्ट्रोकच. २००० नंतर प्रदूषणाचे नियम आवळत गेले तसं हे इंजिन रस्त्यावरून उठलं आणि वावरात जाऊन बसलं. तिथून त्याला उठवणं अवघड आहे. त्याला व्हॉल्व नाहीत, तळाशी ऑइलचा साठा नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून येतं आणि जाता जाता पिस्टनला, बेअरिंगला माखत जातं. त्यामुळे मशीन आडवी धरा, उलटी धरा, झाडावर चढून एका अंगावर धरा, ती चालते. फोर-स्ट्रोक इंजिन साध्या रचनेत असं उलटंपालटं केलं तर तळातलं ऑइल नको तिथे जातं.

अडचण एवढीच, की टू-स्ट्रोक ओळखणारे हात म्हातारे झाले. "आताच्या पोट्ट्यायले स्कॅनर लावता येते," मिस्त्री म्हणाला, "प्लगचा वास घेता येत नाई."

त्याने सगळ्यात आधी केलं ते दोन सेकंदांचं काम होतं. दोरीची मूठ धरून सगळी मशीन उचलली. मशीन स्वतःच्या वजनाने खाली यायला निघाली, पण हळूहळू, अडखळत, एकेका ठोक्याने. "कॉम्प्रेशन हाय," तो म्हणाला. पिस्टन आणि रिंगा शाबूत असतील तर आत कोंडलेली हवा दोरीला विरोध करते. झिजल्या असतील तर मशीन सर्रकन खाली येते. गॅरेजमध्ये यासाठी काट्याचं गेज असतं, पण या परीक्षेला गेज लागत नाही. उत्तर मोघम मिळतं खरं, पण पुढचे दोन तास फुकट जाणार की नाही एवढं त्यातून कळतं.

शेजारच्या बाकड्यावर टालवाल्याची मशीन उघडी पडली होती. ती उचलल्यावर सर्रकन खाली आलेली. सायलेन्सर काढला होता आणि बाहेर जायच्या भोकातून पिस्टन दिसत होता. चकचकीत हवा तिथे उभे ओरखडे, जणू कुणी खिळ्याने रेघोट्या मारल्या आहेत. टालवाल्याच्या नव्या गड्याने मोटारसायकलमधलं साधं पेट्रोल काढून टाकीत ओतलं होतं. मशीन सुरू झाली, आणि दिसायला नेहमीपेक्षा झकास चालली. नंतर गरम झाली, पिस्टन सिलिंडरला चिकटला, थांबली. आता बोअर-पिस्टन बदलल्याशिवाय तिचं काही होणार नाही. चेनसॉचं इंजिन जोरात असताना मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २०० च्या वर ठिणग्या. त्या वेगात ऑइल नसणं किती वेळ चालेल? टालवाला चहा पीत उभा होता आणि गड्याला शिव्या देत होता. मिस्त्री मधेच म्हणाला, "त्याले सांगतलं होतं का कोणी?" टालवाला गप्प झाला.

मिस्त्रीचा हा प्रश्न मला पहिल्याइतकाच आवडला.

माझ्या मशीनचा प्लग काढला. टोक काळं आणि ओलं. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा असतो; पांढरट पडला तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, काळा-ओला असेल तर पेट्रोल आलं पण पेटलं नाही. ओला प्लग ही आमच्या तिघांच्या मेहनतीची कमाई होती. थंड मशीन सुरू करताना चोक ओढायचा, दोरी ओढायची, आणि आतून एकदा 'फट्' असा आवाज आला की चोक लगेच अर्ध्यावर आणायचा. तो आवाज बारीक असतो. तो ऐकू आला नाही, किंवा ऐकूनही चोक तसाच ठेवला, की पुढच्या प्रत्येक ओढीला नुसतं पेट्रोल आत शिरतं. मिस्त्रीच्या भाषेत मशीन 'ओव्हर' होते. मग कितीही जोर लावा, आपण इंजिन बुडवतच असतो. त्याने मशीन उलटी केली, प्लगच्या भोकातून पेट्रोल निथळू दिलं, स्विच बंद ठेवून सात-आठ वेळा दोरी ओढली आणि तासभर उन्हात ठेवली. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. २०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्या मानाने हा दिवस सौम्य म्हणायचा, तरी पेट्रोल उडायला दहा मिनिटंही पुरली असती.

करंट पाहताना त्याने प्लग टोपीत बसवून सिलिंडरच्या धातूला टेकवला, पण भोकापासून लांब, दुसऱ्या अंगाला. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, ठिणगी तिथेच पडली तर भडका तोंडावर. ठिणगी निळी आली, कडक आली. या मशीनला बॅटरी नाही. चाकात बसवलेलं चुंबक कॉइलसमोरून जातं आणि त्या झपाट्यात करंट तयार होतो. चुंबक आणि कॉइल यांच्यात फट हवी सुमारे ०.३ मिलिमीटर. मिस्त्री ती लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने मोजतो. खिळ्याला पत्रिकांचा गठ्ठा टांगलेला आहे, दरवर्षी नवा.

करंट आहे, कॉम्प्रेशन आहे. उरलं पेट्रोल.

टाकीतलं पेट्रोल त्याने पाण्याच्या पारदर्शक बाटलीत ओतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या वॉर्निशचा होता. बाटली भिंतीवर ठेवली आणि म्हणाला, "चहा घ्या." चहा होईस्तोवर बाटलीत दोन थर पडले होते. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, आणि तळाशी बोटभर, जवळपास बिनरंगाचं काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे इथेनॉल आणि पाणी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. हे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरलं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉलचा देशात सगळ्यात आग्रहाने पुरस्कार करणारे नितीन गडकरी याच शहराचे खासदार, त्यामुळे हा विषय नागपुरात पानठेल्यावरही चालतो आणि दोन्ही बाजू तावातावाने मांडल्या जातात. मिस्त्री त्या वादात पडत नाही. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं, त्याला थर पडायला वेळच मिळत नाही. वर्षातून दोनदा निघणाऱ्या मशीनचं तसं नाही. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. जून ते सप्टेंबर हे चार महिने अर्धी रिकामी टाकी गच्चीवरच्या खोलीत पडून राहिली की पाणी साठत जातं, आणि पुरेसं साठलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. टू-टी ऑइल मात्र पेट्रोलशीच इमान राखतं, ते वरच्या थरात राहतं. टाकीतली शोषण्याची नळी असते तळाशी. म्हणजे मी सकाळपासून इंजिनाला जे पाजत होतो ते पेटणारं नव्हतं, आणि चुकून पेटलं असतं तर त्यात ऑइलचा थेंब नव्हता. टालवाल्याची मशीन आणि माझी मशीन यांच्यात अंतर एवढंच, की माझी सुरू झाली नाही.

ताजं मिश्रण करताना त्याने मेडिकलमधून आणलेली २० मिलीची सिरिंज काढली. एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल म्हणजे पन्नासास एक. ऑइल साधं असेल तर ४० मिली. "झाकणानं मोजते लोकं. झाकण कोणत्या बाटलीचं, ते इचारा." आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. आणि बाटलीवर खडूने तारीख. महिन्यानंतर ती बाटली चेनसॉला चालत नाही.

नवं पेट्रोल घालूनही मशीन सुरू झाली नाही. मिस्त्रीला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही, उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. त्याने कार्बोरेटर खोलला.

चेनसॉचा पहिला कार्बोरेटर खोलला तेव्हाची गोष्ट तो स्वतःच सांगतो. आयुष्यभर लूना-चेतकचे कार्बोरेटर हाताळलेले. त्यांत पेट्रोलची छोटी वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुई बंद करतो. संडासच्या फ्लश टाकीचंच तत्त्व. चेनसॉचा खोलला तर आत वाटी नाही आणि फ्लोटही नाही. त्याला वाटलं गिऱ्हाइकाने आधीच कुठेतरी पाडला. दोन दिवस तो नसलेला फ्लोट शोधत होता. मशीन उलटी धरायची असेल तर वाटी चालणारच नाही, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिथे एक पातळ रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. पिस्टन खालीवर होताना इंजिनच्या पोटात जे दाब-उसासे होतात, तेच एका बारीक वाटेने येऊन पडदा हलवतात आणि पेट्रोल ओढतात. दुसरा पडदा सुई उघडतो-मिटतो. सगळा कारभार टिचभर जागेत. पडदा कडक झाला की संपलं. जुनं इथेनॉलवालं पेट्रोल त्याला कडक करतं, नळीला चिरा पाडतं. माझा पडदा बोटाने दाबला तर वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा वाजला.

नवा पडदा आणायला शेडमधला पोरगा शहरात गेला. तो येईस्तोवर मिस्त्रीने साखळी काढून कानशीने दात घासायला घेतले, आणि मला इथे थोडं भरकटायचं आहे.

या साखळीचे दात एक डावा, एक उजवा असे असतात. ते कुणी आणि कुठून आणले याची हकीकत भारी आहे. हातातली साखळी-करवत आधी डॉक्टरांनी वापरली, हाडं कापायला. स्कॉटलंडमधले जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे यांची नावं १८ व्या शतकाच्या अखेरीस तिच्याशी जोडली गेली आहेत. झाडांपर्यंत यायला तिला शंभरावर वर्षं लागली. जर्मनीत आंद्रेआस श्टिल याने १९२६ मध्ये विजेवरची आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची मशीन काढली. दोघांनी उचलावी लागे. पण साखळी फार लवकर बोथट व्हायची. मग अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात पोखरणारी अळी पाहिली. ती अळी लाकडाच्या रेषांच्या बाजूने आणि आडव्या बाजूने सारख्याच सहजतेने लाकूड खात होती, कारण तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत. त्याने दुसऱ्या वर्षी तसेच दात पोलादात केले. आजही जगभर साखळीचे दात त्याच घाटाचे असतात. आपल्याकडे आंब्याला भिरूड लागलं की आपण भोकात पेट्रोलचा बोळा कोंबून मोकळे होतो. तीन पिढ्यांच्या आमराया असून आपल्यातलं कुणी त्या भोकाशी मांडी घालून बसलं नाही, हे मला उगीच लागून राहिलं.

पोरगा पडदा घेऊन आला. कार्बोरेटर बसला. हवेची जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली. चोक, दोरी. तिसऱ्या ओढीला 'फट्'. चोक अर्ध्यावर. दोरी. मशीन पेटली, एक मोठा गुदमरलेला आवाज केला आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन, तिन्ही आहे. मी टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, कारण एवढं मी वाचलं होतं: टाकीचा श्वास कोंडला तर आत हवा शिरत नाही, पेट्रोल येईनासं होतं, झाकण उघडताना 'स्स' होतं. स्स झालं नाही. मिस्त्री माझ्याकडे कौतुकाने पाहून हसला, पोराने गणित चुकवलं पण रीत बरोबर मांडली तर मास्तर हसतो तसा.

मग त्याने तळहात सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला आणि पोराला दोरी ओढायला सांगितली. एकदा. दोनदा. हात काढून घेतला. "श्वास सोडून नाई राह्यली हे."

दोन नट काढले. सायलेन्सर बाकड्यावर आपटला तर तोंडातून मातीचा एक गोळा निसटला. वाळलेला, भाजल्यासारखा कडक. फोडला तर आत लांबट कप्पे, आणि कप्प्यांत वाळून गेलेले कोळी.

कुंभारीण! आमच्या गच्चीवरच्या खोलीत कुलूप, नळाची तोटी, जुन्या छत्रीची मूठ, असं एकही भोक नाही जिथे तिने घर केलं नाही. अंगठ्याएवढ्या अंधाऱ्या भोकात चिखल आणून कप्पे बांधायचे, नांगी मारून सुन्न केलेले कोळी त्यात भरायचे, वर अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. चेनसॉचा सायलेन्सर तिला अगदी मापाचा मिळाला असणार. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर गेला तरच ताजं मिश्रण आत शिरतं, दोन्ही कामं एकाच झटक्यात होतात. बाहेरचं दार बंद म्हणजे आतलंही बंद. चेतकच्या जमान्यात हेच काम काजळी करायची. सायलेन्सर चुलीत नाहीतर भट्टीत टाकून जाळून काढायचे, आणि ज्याने ते पाहिलं आहे त्याला तो वास अजून आठवत असेल. मिस्त्रीने म्हणूनच हात लावून पाहिला. माती निघेल असं मात्र त्यालाही वाटलं नव्हतं. त्याने तो गोळा पत्रिकांच्या शेजारी फळीवर ठेवून दिला.

"मंग? जूनमधी ठेवली, तिचं तोंड उघडं ठेवलं," तो म्हणाला. "रोग तवाचा हाय. आज निस्ता दिसला."

मी विचारलं, हे सगळं न व्हायला काय करायचं होतं. उत्तर एवढंसं निघालं: ठेवायच्या दिवशी टाकी रिकामी करायची, मशीन सुरू करून आतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेस्तोवर चालू द्यायची, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, आणि चिंधी दिसेल अशी लाल घ्यायची. "पांढरी कोंबान, तर तशीच सुरू करान."

सायलेन्सर बसला. मशीन जमिनीवर, पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांड्यावर, साखळीचा ब्रेक लावलेला. सिनेमात दाखवतात तशी हवेत सोडून देत ओढायची नाही, एवढं त्याने पोराला दोनदा बजावलं. दुसऱ्या ओढीला मशीन अशी किंचाळली की टालवाल्याचा चहा हिंदकळला.

मी घड्याळ पाहिलं. दीड वाजत आला होता. घरी फोन लावला तर बायकोने सांगितलं, गुलमोहर गेला. अग्निशमन दलाची गाडी अकरालाच येऊन गेली, त्यांच्या मशीनने वीस मिनिटांत तुकडे केले. रस्त्यावर पडलेलं झाड हे त्यांचंच काम. उभं झाड कापायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे माझ्या हातात आता एक चालती मशीन होती, आणि कापायला हक्काचं असं काहीच नव्हतं.

"मंग आता कवा चालवसान?" मिस्त्रीने विचारलं.

"पुढच्या वादळाला."

त्याने दुसरा शब्द काढला नाही. मशीन बंद केली, थंड होऊ दिली, टाकी बाटलीत रिकामी केली, पुन्हा सुरू करून ती आपली आपण बंद पडेपर्यंत थांबला. बाकड्याखालच्या डब्यातून लाल कापडाचा तुकडा काढून सायलेन्सरच्या तोंडात बसवला. हिशेब सांगितला, मी पैसे दिले.

मग ती अर्धी बाटली, सकाळीच केलेलं ताजं, ऑइल घातलेलं मिश्रण, घेऊन तो कोपऱ्यात गेला, लूनाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत आत ओतलं. पायडल मारलं. लूना पहिल्या फेऱ्यात सुरू झाली, निळा धूर सोडत, आणि पोराला शेड पाहायला सांगून मिस्त्री जेवायला घरी गेला.